घोळ आणि केंड

मावशींच्या फोनमध्ये माझ्या नावासमोर माझा फोटो नाही, निवटी आहे. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात फुदकणारा, बोटाएवढा, डोक्यावर डोळे बसवलेला मासा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या आळीतली. काळा झगा घालून, हातात गुंडाळी धरून काढलेला माझा फोटो माणगावजवळच्या आमच्या घरात देवाच्या शेजारी लावलेला आहे. तोच फोटो मी मावशींच्या फोनात घालायला निघाले होते. त्यांनी तो आधी लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ही वकील कोन? मना वकिलाचा फोन कशाला येल?"

झालं. माझी निवटी झाली. ती कशी, ते पुढे येईलच.

मावशी म्हणजे मुरुडच्या कोळीवाड्यातली माझी घरमालकीण. काशीदला एका लॉजच्या ऑफिसात मला नोकरी लागली होती. काशीदमध्ये खोली परवडेना, म्हणून मी एस.टी.ने मुरुडला येऊन दारोदार विचारत फिरत होते. एका ओट्यावर एक दणकट बाई पाय पसरून कोळंबी सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठली तू?"

"मी बी.ए. आहे," मी म्हटलं.

विचारलं होतं गाव, सांगितली पदवी. नवीन नवीन होती ना! मावशींनी तेव्हा मान वर केली, मला नीट बघितलं आणि त्या दिवसापासून मी 'बीए' झाले. "गो बीए, पानी आयलंय, भर!" "बीए, कोंबडी आत शिरली, हाकल तिला!" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

त्या बंदरावर बोली बोलायच्या. भाषाविज्ञानाच्या पेपरात 'बोली' या प्रश्नावर मला उत्तम मार्क होते, म्हणून पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बंदरावर गेल्यावर कळलं की इथे बोली म्हणजे लिलाव. होडी लागायची, पाट्या ओतल्या जायच्या, घेणाऱ्या बाया गोल करून बसायच्या आणि मध्ये मावशी पदर खोचून उभ्या. त्यांचा आवाज असा की नारळाच्या वाडीपलीकडे एस.टी.ची वाट बघणाऱ्यालाही आजचा सुरमईचा भाव कळावा.

एकदा मी विचारलं, "मावशी, सगळ्यात आधी भाव कोण सांगतं? घेणारा?"

"घेनारा कशाला सांगंल? घेनारे सगले टपून बसलेले अस्तात, कोन तोंड उघडत न्हाय. पयला आकडा बोलीवालीनंच बोलायचा. ती पन मानानं गप ऱ्हायली तर म्हावरा कुजंल न्हाय काय?"

हे मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं.

मावशींच्या घराला लागून त्यांच्या धाकट्या जावेचं घर. मावशींचा मुलगा तिला काकी म्हणायचा, म्हणून मीही काकी म्हणू लागले. मधे एक भिंत, बाहेर एक नळ आणि एक मांजर, एवढं दोघींचं सामाईक. बाकी काही नाही. दोघी एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे बोलत, पण मांजराशी.

"मांजरे," मावशी अंगणात उभं राहून म्हणायच्या, "कुनाची तरी ओली लुगडी माज्या दारात फडफडतायत. सांग तिला."

भिंतीपलीकडून लगेच उत्तर यायचं, "मांजरे, वारा काय मी सोडलाय? सांग तिला."

मांजर ओट्यावर झोपलेलं असायचं. दोन्हीकडचे निरोप त्याच्या अंगावरून जायचे आणि त्याचा एक कानही हलायचा नाही. मी नवीन होते तेव्हा या मांजराला फार कळतं असं मला वाटायचं.

अबोल्याचं कारण मला इक्बालभाईंनी सांगितलं. बाजारात त्यांचं मोबाइलचं दुकान आहे आणि सगळ्या गावाच्या बातम्या त्यांच्या काउंटरवरून जातात. झालं होतं असं की, एकदा बंदरावर सुकवून सोडे करायच्या कोळंबीचा ढीग पडला होता. काकींनी बोली लावली. अलिबागकडच्या एका व्यापाऱ्यानेही तेवढीच लावली. मावशींनी ढीग व्यापाऱ्याला दिला. घरच्या माणसाला दिला असता तर बंदर म्हणालं असतं, बोलीवाली घर भरते. सगळ्यांसमोर मावशी एवढंच म्हणाल्या, "घरची बोली मी धरत न्हाय." काकींनी टोपली उचलली. "धरत न्हाय ना? मंग मी घरची न्हायच," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्याला कितीतरी होळ्या झाल्या. दोघींना आपापलं बरोबर वाटत होतं आणि गंमत म्हणजे दोघी बरोबर होत्याही. म्हणूनच ते मिटत नव्हतं.

मावशींचा मुलगा परदेशी जहाजावर कामाला. त्याचं लग्न रेवदंड्याच्या मुलीशी ठरलं, तेव्हा मावशींच्या जुन्या बटणांच्या फोनवर त्याचा फोन आला. मी शेजारीच होते. शेजारी नसते तरी ऐकू आलं असतं. आधी मावशी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून त्या बराच वेळ गप्प होत्या. मावशी गप्प म्हणजे समुद्र बंद पडल्यासारखं वाटतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पोरगा बोलतो, पयली हलद काकीच्या हाताची पायजे. ती न्हाय तर हलद न्हाय. आन हलद न्हाय तर लगीन न्हाय." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्याचं पन खरं हाय. मी पहाटं बंदरावर जायची, तवा हा तिच्या मांडीवर व्हता. तिनंच मोठा केला."

"मग बोला ना त्यांच्याशी."

"मी?" मावशी उठल्याच. "मी पयली बोलू?"

पलीकडे काकीही हेच म्हणत असणार, हे मला भिंतीला कान न लावता कळत होतं.

नवा फोन आला तो याच दिवसांत. जहाजावर नेट कधी असतं, कधी नसतं, तेव्हा आईने बोलून ठेवावं आणि आपल्याला जमेल तेव्हा ऐकता यावं, म्हणून मुलाने सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर स्मार्टफोन पाठवला. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि खोका उघडला. फोन बाहेर काढून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याचा वास घेतला. मग पाठीवर अंगठा दाबून बघितला.

"ताजा हाय," त्या म्हणाल्या.

मी फोन सुरू केला. लॉजचं सगळं ऑनलाइन बुकिंग मी सांभाळते, त्यामुळे हे माझ्या डाव्या हातचं काम होतं. निदान मला तसं वाटलं होतं. भाषा मराठी निवडली. पडद्यावर अक्षरं आली, ती मी वाचली, "आपले स्वागत आहे."

"कोन बोलला?"

"फोन म्हणतोय. स्वागत करतोय."

"घर माजा, ओटा माजा, आन ह्यो मना 'या' बोलतो?" मावशी फोनकडे बघत म्हणाल्या. "त्याना सांग, तू ये."

पुढे 'अटी मान्य आहेत' आलं. आपण सगळे तिथे डोळे मिटून बोट दाबतो. मावशींनी माझा हात धरला. "काय मागतो ते वाच."

मी वाचू लागले. माझं वाचन चांगलं आहे, वक्तृत्वात बक्षिसं आहेत मला. पण त्या अटी वाचताना माझी जीभ कोरडी पडली. शेवटी थोडक्यात सांगितलं, "तुम्ही कुठे आहात ते बघणार, तुमचा आवाज घेणार, फोटो बघणार, ओळखीच्यांचे नंबर बघणार."

"आन देनार काय?"

"सेवा."

"पयल्याच बोलीला येवडा कोन देतो गो? त्याना बोल, ठिकान देते. मुरुड काय, सगल्यांना ठावं हाय. आवाज पन देते, तो तसाबी गावभर जातो. फोटू न्हाय."

"मावशी, हा घासाघीस करत नाही. सगळं मान्य म्हणायचं, नाहीतर फोन चालत नाही."

"मंग ह्याचा धंदा चालतो कसा?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. थोडा वेळ त्या फोनकडे बघत बसल्या. समोरचा व्यापारी वरचढ निघाला की त्या अशाच बघायच्या. मग म्हणाल्या, "दाब. पन पोरासाटी दाबला, असा सांग त्याना."

मी दाबलं. तसं सांगायची सोय फोनमध्ये कुठेच नव्हती.

पुढे फोनला त्यांचा चेहरा हवा होता. गोल आला आणि सूचना आली, चेहरा हळूहळू एका बाजूला फिरवा. मी सांगितलं. मावशी ताठ बसून राहिल्या.

"तोंड मी एकीलाच बघून फिरवते. ह्याना कशाला फिरवू? ह्यानं काय केलाय?"

भिंतीपलीकडे भांडं जरा जोरात आपटलं.

चेहरा राहिला. बोटांचा ठसाही जमेना, कारण बोटावर कोळंबीचं पाणी आणि कुठेतरी एक खवलं. शेवटी ठिपके जोडून कुलूप केलं. मावशींनी एका दमात होडी काढली, शिडासकट. अजूनही तेच कुलूप आहे. ते अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे, पण तशी होडी दुसऱ्या कुणाच्या बोटाला जमत नाही.

मग आले नंबर. मावशींना आकडे सगळे येत, बोली बोलणाऱ्या बाईला आकडे यायलाच हवेत. अक्षरं मात्र येत नव्हती. मी म्हटलं, काही हरकत नाही, प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा फोटो टाकू, तोंड बघून ओळखाल.

"तोंडं काय गो, सगली सारकीच. दोन डोलं, येक नाक. मासा येकासारका येक न्हाय."

मला आधी थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मला बंदरावर घेऊन गेल्या आणि फोटो काढायला लावले. मासा कसा धरायचा, उजेड कुठून पाहिजे, सगळं त्या सांगत होत्या. "ह्याचा नको, ह्याचा डोला पडलाय. पडलेल्या डोल्याचा मानूस फोन उचलंल काय?" डॉक्टर झाले मुशी, कारण बाळंतिणीला मुशी देतात. लॉजचे आमचे मालक झाले शेवंड, मिशा बघून. गॅसवाला शिंगाला, येताना आवाज करतो म्हणून. इक्बालभाई मांदेली, कारण त्यांचे शर्ट कायम सोनेरी चकाकणारे.

मुलासाठी त्या थांबून राहिल्या. दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी एका होडीत घोळ आला. हातभराहून लांब, रुपेरी, अंगाने भरलेला. घोळ जाळ्यात लागला की होडीवरची माणसं आरडाओरडा करतात, एवढा त्याचा मान. मावशींनी त्याचा फोटो स्वतः काढला. "माजा पोरगा," त्या म्हणाल्या आणि बंदरावरचे सगळे हसले.

"तुमचा सगळा घोळ झाला की हो मावशी," मी माझा विनोद केला. त्यांना तो कळला नाही, किंवा कळून त्यांनी सोडून दिला.

काकींकडे असा फोन आधीपासून होता. त्यांचा नंबर घाल, असं मुलाने मला मुद्दाम कळवलं होतं. मी भीत भीत विचारलं. मावशी म्हणाल्या, "घाल. पडून ऱ्हाऊ दे." मग पायाने जाळ्यातून गळलेला एक मासा पुढे सरकवला. केंड होता. लिंबाएवढा, गोल, अंगभर काटे.

"ह्याचा काढ. हात लावला की फुगतो. काटं उभारून बसतो. खाता येत न्हाय, आन ओढून काढला तर जालं फाटतं."

मी काढला. घोळाच्या खाली केंड, असे ते दोघे फोनमध्ये एकाखाली एक बसले.

आणि माझं काय, ते सांगितलंच. वकील नाकारली गेल्यावर मावशी मला खाडीकडे घेऊन गेल्या. ओहोटीचा चिखल होता आणि त्यात निवट्या फुदकत होत्या. "ही बघ, तू. चिखलातनं वर येते, पान्याभाईर पन जगते, आन डोलं कसं सारकं वर!"

माझे आईवडील भातशेती करतात. लावणीच्या चिखलात गुडघाभर उभं राहून मी पाढे पाठ केलेत. चिखलातून आले हे खरं, डोळे वर आहेत हेही खरं. पण खरं आहे म्हणून कुणी तोंडावर सांगतं का? मी दिवसभर गप्प होते. रात्री जेवताना मावशी म्हणाल्या, "गो, निवटी चवीला लय बरी लागते." ती त्यांची माफी होती. मी ती घेतली.

नव्या फोनची त्यांना सवय लागली, की फोनला त्यांची, सांगता येत नाही. त्यातली ती गोड आवाजाची बाई तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात दमवली. कुठेतरी बोट लागायचं आणि ती जागी व्हायची. मावशी विचारायच्या, "पोरगा कुठं हाय?" ती म्हणायची, "हाय! मी आपली काय मदत करू?"

"हाय ते म्हाईत हाय गो. कुठं हाय?"

"हाय! मी आपली काय मदत करू?"

"येडी हाय काय?"

"हाय!"

माझी आईही 'हाय'च म्हणते. कॉलेजात मी ते पुसून पुसून 'आहे' केलं. त्या दिवशी फोनमधल्या बाईचं ते गुळगुळीत मराठी ऐकताना मला वाटलं, माझं असंच ऐकू येत असेल का? असो. मी बी.ए. आहे, मी 'आहे'च म्हणणार.

मुलाला आवाजी निरोप पाठवणं मात्र मावशींना छान जमलं. घोळ दाबायचा, माइक दाबून धरायचा आणि बोलायचं. अडचण एवढीच की जहाज लांब आहे हे त्यांच्या मनातून जाईना. त्या फोन हातभर लांब धरून बंदरावरच्या आवाजात ओरडायच्या. शब्द रोज तेच.

"जेवान झाला काय? आंगात बरा हाय ना? डोक्याला त्याल लाव. लय जागरन करू नको!"

नारळावरचे कावळे उडायचे. मुलाला निरोप मिळायच्या आधी तो सगळ्या कोळीवाड्याला मिळायचा, आणि सगळ्यात आधी भिंतीपलीकडे. काकींना ते चार शब्द पाठ झाले असणार.

इकडे हळदीचा दिवस जवळ येत चालला. मांडवाचे बांबू आले. मुलाचा निरोप आला की तो तीच गोष्ट विचारायचा, "काकी येतेय ना?" मावशी तेवढ्या प्रश्नाला उत्तर देत नसत, डोक्याला तेल लाव म्हणत. इक्बालभाईंनी एकदा प्रयत्न केला. आम्ही फोनची काच बदलायला गेलो होतो. "मावशी, जिंदगी केवढी आहे? सुलह करून टाका ना," ते म्हणाले.

"भाई, तू काच लावतोस ना? तेवडी लाव."

शेवटी एका सकाळी मावशींनी त्यांच्या दृष्टीने फार मोठी माघार घेतली. अंगणात उभ्या राहून, घसा खाकरून, मांजराला म्हणाल्या, "मांजरे, हलदीला येनार काय, इचार तिला."

 पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग काकींचा आवाज आला, अजिबात न चढलेला. "मांजराचं बोलावनं मांजराला, सांग तिला. मी मानूस हाय."

मावशी आत आल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. "बघितलास? फुगली." पण हात चालत नव्हते. थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "बीए, हलद न्हाय झाली तर लोक काय बोलतील ते बोलतील. पोरगा तोंडानं काय बोलनार न्हाय. जहाजावर जाल तो, आन परत कवा येल?" त्यांच्या आवाजातून एवढी हवा गेलेली मी कधी ऐकली नव्हती.

त्याच संध्याकाळची गोष्ट. मी ओट्यावर नारळ खोवत होते. मावशी चुलीपाशी होत्या. भात रटरटत होता. रोजच्या वेळी त्यांनी फोन उचलला, होडी काढून कुलूप उघडलं, माइक दाबला. मी सवयीने कानांवर हात ठेवायला गेले, पण ओरडा आलाच नाही. मावशी अगदी हळू, फोन तोंडाशी धरून बोलत होत्या. "जेवान झाला काय? आंगात बरा हाय ना? डोक्याला त्याल लाव. लय जागरन करू नको."

मला वाटलं घसा बसलाय. सकाळी बोली मोठी झाली होती.

"बघ गो, गेला काय," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी बघितलं आणि माझ्या हातातला नारळ खाली पडला. निरोप घोळाला गेलाच नव्हता. केंडाला गेला होता.

"मावशी! अहो, हा काकींना गेला!"

मावशी भात ढवळत होत्या.

"काकींना गेला, चुकून! थांबा, त्यांनी ऐकायच्या आत पुसता येतो. पुसू का? लगेच सांगा, पुसू?"

"भाताला उकली आयली, बघ," मावशी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

"अहो, पण त्यांना वाटेल..."

"ऱ्हाऊ दे, बोलले ना?"

तेवढ्यात दोन खुणा निळ्या झाल्या. भिंतीपलीकडून मावशींचाच आवाज बारीक ऐकू आला, "जेवान झाला काय?" मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. मी मनातल्या मनात व्याकरण तपासत होते. 'जेवलास का' असतं तर उघड झालं असतं की निरोप मुलाचा आहे. पण 'जेवान झाला काय', 'आंगात बरा हाय ना' (इथला 'बरा' म्हणजे आपलं 'बरं'), 'त्याल लाव', 'जागरन करू नको', यात ऐकणारा बाप्या की बाई, काही कळायला जागा नाही. चारही वाक्यं जशीच्या तशी काकींच्या अंगाला बसत होती.

बराच वेळ गेला. नारळ खोवून संपला. मावशी चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत होत्या.

फोन वाजला. मी दाबलं. आधी कोंबडीचा आवाज, कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. मग काकी म्हणाल्या, "झाला. तुमचा?"

एवढंच.

मावशींनी फोन घेतला. माइक दाबला आणि विसरून गेल्या, हळू बोलायचं विसरून गेल्या. "माजा कुठला झाला अजून! वाटान कमी पडलाय!"

निरोप गेला की नाही देव जाणे. भिंतीपलीकडून, फोनशिवाय आणि मांजराशिवाय, उत्तर आलं, "मंग या की घ्यायला! बोंबलताव कशाला?"

मावशी वाटी घेऊन गेल्या. माझा भात मी वाढून घेतला, खाल्ला, भांडी घासली, तरी त्या आल्या नव्हत्या. मांजर ओट्यावर झोपलं होतं. त्याची नोकरी गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

हळदीला पहिला हात काकींचाच लागला. मुलगा पाटावर बसला होता, काकींनी त्याच्या गालाला हळद लावली आणि दुसऱ्या हाताने आपले डोळे पुसले, त्यामुळे त्यांचंही तोंड पिवळं झालं. ढोल-ताशा सुरू झाला. सगळ्या बाया नाचत होत्या. तेवढ्यात काकींना आपला फोन सापडेना, म्हणून त्यांनी मावशींचा मागितला, स्वतःच्या फोनला रिंग द्यायला. मी धावले. पण मी पोचेपर्यंत मावशींनी होडी काढून फोन त्यांच्या हातात दिला होता, आणि पडद्यावर केंड होता. फुगलेला, काटे उभारलेला.

"ह्यो कोन?" काकींनी विचारलं.

 ढोलवाला नेमका तेव्हाच थांबला. मावशी आभाळाकडे बघत होत्या. काकींनी केंड दाबला. त्यांच्याच पदराच्या गाठीत फोन वाजू लागला.

"ह्यो मी?"

"काढून टाकनार व्हते," मावशी म्हणाल्या.

काकींनी गाठ सोडून आपला फोन काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. पडद्यावर मावशींच्या नंबरासमोर एक चिंबोरी होती. दोन्ही नांग्या वर करून, कुणालातरी धरायच्या तयारीत.

आधी इक्बालभाई हसले, बिर्याणीच्या पातेल्यापाशी उभे होते ते. मग मुलगा, मग सगळा मांडव. मावशी आणि काकी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की दोघींच्या लुगड्यांना हळद लागली. केंड आणि चिंबोरी अजून तिथेच आहेत. दोघींपैकी कुणीही काढलेली नाहीत.

आता मी माणगावला आहे, कायमच्या नोकरीवर. परवा मावशींना फोन केला तेव्हा पलीकडून आधी त्या काकींना ओरडून सांगताना ऐकू आल्या, "निवटी हाय, निवटी!" मला सवय झाली आहे.

पण त्या हळदीच्या संध्याकाळी मला एक गोष्ट सुचली होती. मांडव ओसरला होता. मावशी ओट्यावर बसून फोनच्या काचेवरची हळद पदराने पुसत होत्या. पडद्यावर घोळ होता आणि त्याच्याखाली केंड. मी शेजारी बसले आणि ती दोन चित्रं बघत राहिले. एक हातभराचा रुपेरी मासा. एक लिंबाएवढा काट्यांचा गोळा.

"मावशी," मी म्हटलं, "पहाटेच्या काळोखात नुसता पाटीत हात घालून तुम्ही कुठला मासा ते सांगता. मग घोळ सोडून केंडावर बोट गेलंच कसं?"

मावशींनी काच पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. माझ्याकडे काही बघितलं नाही.

"फोन नवा व्हता गो," त्या म्हणाल्या.